दुखणे फुप्फुसाचे, ओझे हृदयावर

'टू-डी इको' म्हणजे काय, हे आता सोलापुरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. दम लागला, छातीत धडधडले, पायावर सूज आली की डॉक्टर चिठ्ठी देतात आणि घरातले कुणीतरी पैशांची जुळवाजुळव करून रुग्णाला इकोसाठी घेऊन जाते. अहवाल हातात आला की सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर जाते : 'ईएफ ६० टक्के'. "हृदय चांगलं आहे, काळजी नाही," असे म्हणत फाइल पिशवीत जाते. दम मात्र जागच्या जागी राहतो. जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की कठड्याला धरून थांबावे लागते. संध्याकाळी घोट्यावर बोट दाबले की खळगा पडतो.

ज्यांना वर्षानुवर्षांचा फुप्फुसाचा आजार आहे, त्यांच्यासाठी हा एक आकडा पुरेसा नाही. कधी कधी तो चुकीचा दिलासा देतो. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते, त्याचे माप म्हणजे ईएफ. फुप्फुसाच्या आजाराचे ओझे मात्र आधी पडते उजव्या कप्प्यावर, आणि त्याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, अशा रुग्णांचा इको जरूर करावा, पण तो काय शोधायचे आहे हे ठरवून करावा, योग्य वेळी करावा आणि त्याच्या उत्तराने उपचारात काही बदलणार असेल तेव्हा करावा. नुसता 'करून घेतला' म्हणून केलेला इको हा खर्च आहे, तपासणी नव्हे.

उजवा कप्पा का थकतो?

हृदय एकच असले तरी त्यात दोन पंप आहेत. डावा पंप डोक्यापासून पायापर्यंत रक्त पोचवतो. त्यासाठी त्याला १२० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास दाब निर्माण करावा लागतो, म्हणून त्याची भिंत जाड असते. उजवा पंप रक्त पाठवतो फक्त शेजारच्या फुप्फुसांत. तिथल्या रक्तवाहिन्या मऊ, रुंद आणि असंख्य असतात. २० ते २५ मिलिमीटर दाबात काम भागते, म्हणून उजव्या कप्प्याची भिंत पातळ, जेमतेम ३ ते ५ मिलिमीटरची असते. हा कप्पा वाढीव रक्त सहज सामावून घेतो, वाढीव दाब मात्र त्याला झेपत नाही.

सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा जुनाट आजार, नेमका हाच दाब वाढवतो. फुप्फुसाच्या ज्या भागात प्राणवायू कमी पोचतो, तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळल्या जातात. निरोगी माणसात ही सोय उपयोगी आहे, कारण त्यामुळे रक्त हवा असलेल्या भागाकडे वळते. पण सगळ्याच फुप्फुसात प्राणवायू कमी असेल तर सगळ्याच वाहिन्या आवळतात. काही वर्षांनी त्यांच्या भिंती जाड होतात. वायुकोश फाटून मोठे झाले की त्यांच्याभोवतीचे केशवाहिन्यांचे जाळेही नष्ट होते. तेवढेच रक्त कमी वाटांनी ढकलायचे म्हटल्यावर उजवा कप्पा आधी जाड होतो, मग फुगतो आणि शेवटी हरतो. मागे तुंबलेले रक्त यकृतात, पोटात, पायांत उतरते. फुप्फुसाच्या आजारामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर झालेल्या या परिणामाला डॉक्टर 'कॉर पल्मोनाल' म्हणतात.

हे सगळे सावकाश घडते. पायावर सूज दिसेपर्यंत उजवा कप्पा बरीच वर्षे निमूटपणे झगडलेला असतो. सूज दिसण्याआधी त्याची हाक ऐकायची असेल, तर इको हे हाताशी असलेले, सुईविना आणि किरणोत्साराविना होणारे साधन आहे.

चुलीपाशी बसलेल्या बायका

हा आजार म्हणजे विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा, अशी आपली समजूत असते. ती निम्मीच खरी आहे. भारतातील पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी दिल्लीतील कॉर पल्मोनालच्या १२७ रुग्णांचा अभ्यास १९५९ साली 'सर्क्युलेशन' या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने पुरुषांचा आजार मानला जात होता. दिल्लीत मात्र बायकांचे प्रमाण लक्षणीय होते, त्यांना तो पुरुषांपेक्षा कमी वयात होत होता आणि त्यांतल्या बहुतेकींनी कधी विडीला हात लावला नव्हता. बोट गेले ते स्वयंपाकघरातल्या धुराकडे. पुढे अर्धशतकाने, २००९ मध्ये, पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये जगभरचा पुरावा मांडून दाखवले की सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेले नसते.

सोलापूर जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. हा ज्वारीचा मुलूख आहे. भाकरी तव्यावरून काढून थेट जाळावर फुगवायची, तर बाईला चुलीच्या तोंडाशीच बसावे लागते. फुंकणीने जाळ फुलवताना पहिला धूर तिच्याच छातीत जातो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने घरोघरी गॅसची शेगडी आली हे खरे, पण सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी अनेक घरांत चालूच आहे. त्यात तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, गोवऱ्या असे मिळेल ते सरपण.

शहरात आणखी वेगळे चित्र आहे. पूर्व भागात हजारो बायका घरात बसून विड्या वळतात. सुपात तंबाखू, पाण्यात भिजवलेले तेंदूचे पान, शेजारी खेळणारे मूल आणि हवेत सतत तंबाखूची धूळ. यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणणाऱ्यांच्या नाकातोंडात सुताची तूस जाते. सुट्टीनंतर कामावर परतल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे ही कापसाच्या धुळीच्या आजाराची जुनी खूण आहे. त्यात भर क्षयरोगाची. गोळ्यांचा कोर्स पूर्ण होतो, जंतू मरतात, कार्डावर 'बरा झाला' असा शिक्का बसतो, पण फुप्फुसावर राहिलेले व्रण पुढे दम म्हणून उरतात. देशभरात सीओपीडीच्या रुग्णांची संख्या १९९० मध्ये सुमारे २ कोटी ८१ लाख होती, ती २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाखांवर गेली, असा अंदाज राज्यनिहाय आजारभाराच्या अभ्यासात मांडला गेला आहे. त्यातली आपल्या वाट्याची माणसे आपल्याच गल्लीत आहेत, आणि त्यांच्यापैकी किती जणांच्या हृदयाची उजवी बाजू कुणी पाहिली आहे, हा प्रश्न विचारायला हवा.

इको काय पाहतो, काय पाहू शकत नाही

स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्लर हे डॉक्टर आणि हेलमुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी १९५३ साली पहिल्यांदा ध्वनिलहरींनी धडधडते हृदय टिपले. त्यांचा पहिला प्रयोग झाला तो जहाजबांधणीच्या कारखान्यात धातूतील तडे शोधायला वापरल्या जाणाऱ्या यंत्रावर. कानाला न ऐकू येणारा आवाज आत सोडायचा आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून आतल्या वस्तूची जागा ओळखायची, हे तत्त्व आजही तेच आहे.

फुप्फुसातला दाब मात्र इको थेट मोजत नाही, त्याचा हिशेब मांडतो. उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून थोडेसे रक्त मागे गळत असते. गळणाऱ्या धारेचा वेग डॉपलरने मोजता येतो. वेगाचा वर्ग करून त्याला ४ ने गुणले की दोन कप्प्यांतील दाबाचा फरक मिळतो. त्यात वरच्या कप्प्यातील दाबाचा अंदाज मिळवला की फुप्फुसाच्या धमनीतील दाब कळतो. १९८० च्या दशकापासून ही पद्धत जगभर रूढ आहे. धारेचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर ४ गुणिले ९ म्हणजे ३६, त्यात वरच्या कप्प्याचे समजा ८ मिळवले तर ४४ मिलिमीटर. आता पाहा, हाच वेग ३ ऐवजी ३.४ मोजला गेला तर ३६ चे ४६ होतात. वेगाचा वर्ग होत असल्याने मोजणीतली लहानशी चूकही हिशेबात मोठी होते.

आणि सीओपीडीत ही मोजणी सर्वांत अवघड असते. ध्वनिलहरी हवेतून नीट जात नाहीत. फुगलेली फुप्फुसे हृदयावर पांघरुणासारखी येतात, बरगड्यांतून दिसणारी खिडकी बंद होते. पिंपासारख्या झालेल्या छातीत हृदय खाली सरकते. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवले तर दम लागतो. कुशल हात बरगड्यांखालून, पोटाच्या वरच्या भागातून खिडकी शोधतो आणि श्वास सोडलेल्या क्षणाला मोजमाप घेतो. त्याला वेळ लागतो. रांगेत वीस माणसे असताना हा वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे.

या मर्यादेचे मोठे उदाहरण अमेरिकेतील एका अभ्यासात मिळते. फुप्फुस प्रत्यारोपणासाठी आलेल्या ३७४ रुग्णांचा इको आणि नंतर हृदयात नळी घालून थेट मोजलेला दाब यांची तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. इकोवर दाबाचा हिशेब करता आला तो केवळ ४४ टक्के रुग्णांत. ज्यांच्यात करता आला, त्यांच्यापैकी ५२ टक्क्यांमध्ये तो खऱ्या दाबापेक्षा १० मिलिमीटरहून अधिक चुकला. चूक दोन्ही बाजूंनी होती, पण दाब नसताना तो असल्याचे सांगितले गेले, असे रुग्ण बरेच होते. हे गंभीर अवस्थेतले रुग्ण होते हे खरे, पण धडा सगळ्यांनाच लागू आहे. इकोवरचा दाबाचा आकडा हा अंदाज आहे आणि तो अंदाज म्हणूनच वाचला पाहिजे.

मग इको करूच नये काय? तसे मुळीच नाही. दाबाचा आकडा डळमळीत असला तरी उजव्या कप्प्याची तब्येत सांगणारी साधी मापे आहेत. ट्रायकस्पिड झडपेची कडा प्रत्येक ठोक्याला किती सरकते ते पाहायचे. १७ मिलिमीटरपेक्षा कमी सरकत असेल तर उजवा कप्पा अशक्त झाला, असे समजतात. उजवा कप्पा डाव्याच्या तुलनेत केवढा आहे, मधला पडदा डावीकडे ढकलला जाऊन चपटा झाला आहे का, पोटातून येणारी मोठी शीर फुगलेली आहे का आणि जोरात श्वास घेतल्यावर ती आक्रसते का, हे डोळ्यांना दिसते. यातल्या एकाही मापाला वेगळे यंत्र किंवा जादा पैसे लागत नाहीत. लागतात ती पाच-दहा मिनिटे आणि 'उजवीकडे पाहा' असे चिठ्ठीवर लिहिलेले दोन शब्द.

आपल्या देशातही असे अभ्यास झाले आहेत. उत्तर प्रदेशात झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील ४० रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये 'लंग इंडिया'त आला. निम्म्या रुग्णांचा इको निर्दोष होता. फुप्फुसाचा आजार जितका तीव्र, तितके दाब वाढलेल्यांचे प्रमाण अधिक होते. आणि जवळपास निम्म्यांमध्ये डावा कप्पा सैल होऊन रक्त भरून घेण्यात अडथळा आढळला. अभ्यास लहान आहे, पण त्यातून दोन गोष्टी समजतात. सौम्य आजार असलेल्या प्रत्येकाला दरवर्षी इको करायला लावणे ही उधळपट्टी आहे. आणि तीव्र आजार असलेल्याचा इको कधीच न करणे हा निष्काळजीपणा आहे.

उत्तराने काय बदलते?

कोणतीही तपासणी लिहिताना आणि करून घेताना एक प्रश्न विचारावा : हिच्या उत्तराने उपचारात काय बदलणार? सीओपीडीच्या रुग्णाच्या इकोने तीन गोष्टी बदलू शकतात.

पहिली गोष्ट प्राणवायूची. १९८१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ८७ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सगळे फुप्फुसाच्या आजाराने हृदय थकलेले लोक होते. घरी रोज किमान १५ तास प्राणवायू मिळालेल्या ४२ जणांपैकी पाच वर्षांत १९ दगावले. न मिळालेल्या ४५ पैकी ३० दगावले. इतका ठळक फरक या आजारात फार थोड्या उपचारांनी दाखवला आहे. म्हणून आज नियम असा आहे की, आजार स्थिर असताना धमनीतल्या रक्तातील प्राणवायूचा दाब ५५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर घरी प्राणवायू द्यावा. आणि तो ५५ ते ६० च्या दरम्यान असेल तर? तिथे निर्णय हृदयावर ठरतो. उजव्या बाजूवर ताण असल्याची खूण असेल तर द्यावा, नसेल तर थांबावे. म्हणजे या सीमारेषेवरच्या माणसासाठी इकोची दहा मिनिटे पुढच्या काही वर्षांचा निर्णय करतात. उलट, प्राणवायू थोडाच कमी असलेल्या ७३८ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात घरच्या प्राणवायूचा फायदा दिसला नाही, हेही २०१६ मध्ये स्पष्ट झाले आहे. 'असू दे घरात' म्हणून यंत्र आणण्यातही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट डाव्या बाजूची. सीओपीडी असलेल्या माणसाला दम लागला की तो फुप्फुसाचाच, असे धरून चालण्याची सवय आहे. नेदरलँड्समध्ये स्थिर सीओपीडी असलेल्या ४०५ ज्येष्ठांची कसून तपासणी केली, तेव्हा पाचातल्या एकाला हृदयाचा पंप कमजोर झाल्याचा आजार होता आणि तो आधी कुणाच्याच लक्षात आला नव्हता. २००५ सालचा हा अभ्यास आहे. अशा माणसाचा पंप (इनहेलर) वाढवत राहिले तर दम कमी होत नाही. हृदयाची औषधे सुरू केली तर होतो.

तिसरी गोष्ट न जुळणाऱ्या हिशेबाची. फुप्फुसाच्या आजाराने दाब वाढतो तो बहुधा सौम्य ते मध्यम. फ्रान्समधील एका मोठ्या पाहणीत हृदयात नळी घालून तपासलेल्या ९९८ सीओपीडी रुग्णांपैकी फुप्फुसाचा सरासरी दाब ४० च्या वर असलेले केवळ २७ निघाले, आणि त्यातही १६ जणांना दाब वाढवणारे दुसरे कारण होते. म्हणून इकोवर फार मोठा दाब आणि श्वासाच्या तपासणीत मात्र आजार किरकोळ, असे दिसले तर 'सीओपीडीच आहे' म्हणून थांबू नये. फुप्फुसाच्या धमन्यांत जुन्या गाठी अडकल्या आहेत का, झोपेत श्वास अडतो का, हे शोधले पाहिजे. त्यावर वेगळे इलाज आहेत.

आता जे बदलू नये तेही सांगायला हवे. इकोच्या अहवालात 'पल्मनरी हायपरटेन्शन' असे शब्द दिसले की सिल्डेनाफिल किंवा तत्सम गोळी लिहिण्याचा मोह होतो. या गोळ्या दुसऱ्या प्रकारच्या फुप्फुसदाबासाठी आहेत. सीओपीडीत त्या बंद पडलेल्या भागातल्या वाहिन्याही उघडतात, मग रक्त प्राणवायू न घेताच परत येते आणि रक्तातला प्राणवायू आणखी खाली जाऊ शकतो. फुप्फुसाच्या आजारासोबतचा दाब तीव्र नसेल तर ही औषधे देऊ नयेत, असे युरोपच्या हृदयरोग आणि श्वसनरोग संघटनांनी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ म्हटले आहे. अंदाजाने काढलेल्या आकड्यावर महिनोन्‌महिने महागड्या गोळ्या घेणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

आधी फुंकर, मग प्रतिध्वनी

यातून क्रम ठरतो. सर्वांत आधी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकण्याची श्वासाची तपासणी. तिच्याशिवाय सीओपीडीचे निदान पक्के होत नाही. आपल्याकडे चित्र पुष्कळदा उलटे असते : फाइलमध्ये दोन इको असतात आणि स्पायरोमेट्री एकही नसते. फुप्फुस मोजायच्या आधीच हृदय दोनदा मोजून झालेले असते. त्यानंतर बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर. कोरोनाच्या साथीने तो घराघरांत पोचवला, तो आता कपाटातून बाहेर काढावा. बसल्या जागी आणि सहा मिनिटे चालून आल्यावर, असे दोन आकडे लिहून ठेवावेत. आणि मग, दम आजाराच्या मानाने जास्त वाटत असेल, पायावर सूज असेल, प्राणवायू घसरत असेल किंवा डाव्या हृदयाची शंका असेल, तेव्हा इको.

वेळही महत्त्वाची. थंडीत कफ वाढून रुग्णालयात भरती झालेल्या माणसाच्या फुप्फुसातला दाब तेवढ्यापुरता चढलेला असतो. तेव्हाचा इको तातडीच्या उपचाराला उपयोगी आहे, पण कायमच्या प्राणवायूचा निर्णय काही आठवडे थांबून, आजार निवळल्यावर केलेल्या तपासणीवर घ्यावा.

सोलापुरापुरत्या माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. १९६३ पासून इथे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्याशी जोडलेल्या सिव्हिल रुग्णालयात शहरातून, तालुक्यांतून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही माणसे येतात. आठवड्यातला एक ठरावीक दिवस असा हवा की, दम्याच्या जुन्या रुग्णाची स्पायरोमेट्री, चालण्याची चाचणी आणि इको एकाच फेरीत होईल. करमाळ्याहून किंवा मंगळवेढ्याहून येणाऱ्याचा एक दिवसाचा रोजगार बुडतो, तो तीनदा बुडू नये. हातात मावणारी यंत्रे गावोगावी फिरवावीत, असे कुणी सुचवेल. पण गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी सोनोग्राफी यंत्रांवर नोंदणीची आणि जागेची बंधने आहेत. असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्रानेच केला आणि त्यामागचे कारण रास्त आहे. म्हणून यंत्र फिरवण्यापेक्षा दिवस ठरवणे सोपे.

दुसरी मागणी अहवालाच्या नमुन्याची. सरकारी असो वा खासगी, इकोच्या छापील नमुन्यात उजव्या कप्प्याच्या चार ओळी कायमच्या असाव्यात : आकार, आकुंचनाचे माप, झडपेच्या धारेचा वेग आणि मोठ्या शिरेची स्थिती. धारेचा वेग नीट दिसला नसेल तर 'दिसला नाही' असे लिहावे. ते कमीपणाचे नाही. रिकामी जागा आणि 'नॉर्मल' यांत फरक आहे, आणि त्या फरकावर कुणाचा तरी उपचार अवलंबून असतो.

तिसरी मागणी विजेची. घरी प्राणवायू देणारे पाच लिटरचे यंत्र साधारण ३०० ते ३५० वॉट वीज खाते. रोज १५ तास म्हणजे पाचेक युनिट, महिन्याला दीडशेच्या आसपास. विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईने हे बिल कसे भरायचे? बिलाच्या भीतीने यंत्र रोज चार तास चालवले तर १५ तासांचा अभ्यासातला फायदा मिळेल असे मानता येत नाही. ज्यांना तपासणीअंती प्राणवायू लिहून दिला आहे, त्यांच्या विजेला सवलत देणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. इको अचूक झाला, प्राणवायूही लिहून दिला आणि यंत्र बंदच राहिले, तर आपण नेमके काय साधले?

वाचकांनी आपल्यापुरते काय करावे? घरात कुणाला वर्षानुवर्षांचा खोकला-दम असेल तर आधी विचारा, स्पायरोमेट्री झाली आहे का? इको सांगितला तर विचारा, यात आपण काय शोधतो आहोत? अहवाल मिळाल्यावर ईएफच्या पलीकडे बोट ठेवून विचारा, उजवी बाजू कशी आहे? गोळी वाढवली तर विचारा, ही कशासाठी? डॉक्टरांना असे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या डॉक्टरांना ते आवडतात, कारण उत्तर देताना त्यांचाही विचार नीट लागतो. घरी प्राणवायू सुरू असेल तर तो डॉक्टरांनी ठरवलेल्या प्रवाहावरच ठेवा. जास्त म्हणजे चांगले असे इथे नसते, रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येऊ शकते. आणि त्या खोलीत चूल, उदबत्ती, विडी काहीही पेटवू नका.

शेवटी एक गोष्ट इकोच्या यंत्राला कधीच दिसणार नाही, ती म्हणजे धूर. उजवा कप्पा फुगलेला दिसतो तोवर त्यामागची वीस-तीस वर्षे निघून गेलेली असतात. विडी सुटली, भाकरी गॅसवर किंवा धुराड्याच्या चुलीवर आली, विड्या वळायच्या खोलीला खिडकी मिळाली, तर पुढच्या पिढीतल्या कित्येकांना या तपासणीची गरजच पडणार नाही. तोवर ज्यांची छाती आज धापा टाकते आहे, त्यांच्या हृदयाच्या दोन्ही बाजू नीट पाहिल्या जाव्यात, एवढी अपेक्षा जास्त नाही.